छोट्या ट्रॅक्टरची ऑइल-फिल्टर सर्व्हिसिंग घरच्या घरी: नवख्यांसाठी मार्गदर्शक

पुणे जिल्ह्यात १५ ते ३० एचपीचा छोटा ट्रॅक्टर आता सगळीकडे दिसतो. नारायणगाव-जुन्नरच्या द्राक्षबागेत तो फवारणीचा ब्लोअर ओढतो, पुरंदरच्या अंजीर-सीताफळात आणि इंदापूरच्या डाळिंबात ओळींमधून रोटाव्हेटर मारतो, बारामती-दौंडकडे उसाची आंतरमशागत करतो, मावळ-मुळशीत भाताची चिखलणी करतो. कामं वेगवेगळी असली तरी त्याचं आयुष्य खाणाऱ्या गोष्टी दोनच: धूळ आणि पाणी. ऑइल आणि फिल्टर बदलायचे ते या दोघांना आत शिरू न देण्यासाठी, आणि शिरलेच तर वेळेत बाहेर काढण्यासाठी.

छोट्या इंजिनाला चुकांची मोकळीकही कमी असते. मोठ्या ट्रॅक्टरच्या चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात) सात-आठ लिटर ऑइल मावतं, तर छोट्यात साधारण ३ ते ५ लिटर. त्यातच बरीच छोटी इंजिनं २,३०० ते २,६०० आरपीएमला चालतात, म्हणजे मोठ्यांपेक्षा जास्त फिरतात. थोड्या ऑइलने जास्त फेऱ्यांची काजळी आणि उष्णता सोसायची, म्हणून ते लवकर थकतं. अर्धा लिटर कमी झालं तर मोठ्या इंजिनाला फारसा फरक पडत नाही, छोट्याला पडतो. या लेखात दिलेली मापं अंदाजासाठी आहेत. तुमच्या मॉडेलचं नेमकं माप मॅन्युअलच्या शेवटच्या पानांवरच्या तक्त्यात असतं. मॅन्युअल हरवलं असेल तर आधी डीलरकडून नवं घ्या.

वेळ ठरवायची ती तास मीटरवरून

“दिवाळीला ऑइल बदलतो” हा हिशेब चालत नाही. एकाचा ट्रॅक्टर वर्षाला शंभर तास चालतो, दुसऱ्याचा भाड्याने पाचशे. नव्या ट्रॅक्टरची पहिली सर्व्हिसिंग ५० तासांच्या आसपास असते आणि ती टाळूच नये, कारण नवे गिअर, रिंगा आणि बेअरिंग एकमेकांत बसताना निघालेला धातूचा बारीक चुरा याच ऑइलमध्ये असतो. पुढे बहुतेक मॉडेलना इंजिन ऑइल आणि त्याचा फिल्टर २०० ते २५० तासांनी सांगितलेला असतो. तेवढे तास भरले नाहीत तरी वर्षातून एकदा बदला. नुसतं उभं राहिलेलं ऑइलही ओल धरतं आणि आंबट होतं.

एक बारकावा इथे उपयोगी पडतो. जुन्या पद्धतीचं यांत्रिक तास मीटर इंजिनाच्या फेऱ्या मोजतं, त्यामुळे ठरलेल्या आरपीएमलाच त्याचा एक तास घड्याळाच्या एका तासाएवढा होतो. मंद चालवलं की मीटर मागे पडतं. डिजिटल मीटर मात्र घड्याळासारखं चालतं. ट्रॅक्टर जास्त करून ट्रॉलीला किंवा हळू कामाला असेल आणि मीटर जुन्या पद्धतीचं असेल, तर मीटरचा आकडा भरायची वाट न पाहता थोडं आधी बदला.

सामान आणायला जाताना

पुण्यात नाना पेठेत गाड्यांच्या सुट्या भागांची मोठी बाजारपेठ आहे, तालुक्याच्या गावीही ट्रॅक्टर स्पेअरची दुकानं असतात. दुकानात फक्त “अमक्या ट्रॅक्टरचा फिल्टर द्या” म्हणू नका. जुन्या फिल्टरवरचा पार्ट नंबर लिहून किंवा फोटो काढून न्या. बाहेरून सारखे दिसणारे, आटेही सारखे असलेले दोन फिल्टर आतून वेगळे असू शकतात. एकात ऑइल परत खाली उतरू न देणारा रबरी पडदा असतो, दुसऱ्यात नसतो. तो नसला की सकाळी चालू करताना काही सेकंद इंजिन कोरडं फिरतं. छपाई फिकट, गॅस्केट सैल, नेहमीपेक्षा बरीच कमी किंमत असं काही दिसलं तर तो फिल्टर घेऊ नका. सुटं, बॅरलमधलं ऑइलही नको. सीलबंद कॅन घ्या आणि सील स्वतः फोडा.

इंजिनासाठी १५डब्ल्यू-४० डिझेल इंजिन ऑइल आपल्याकडच्या हवेला योग्य आहे. पुणे जिल्ह्यात थंडीत पारा १० अंशांच्या आसपास उतरतो आणि उन्हाळा चाळिशीला टेकतो, ही ग्रेड दोन्ही टोकं सांभाळते. ग्रेडसोबत दर्जाही बघा. कॅनवर सीएफ-४, सीएच-४ किंवा सीआय-४ असं लिहिलेलं असतं. मॅन्युअलमध्ये जो दर्जा आहे तो किंवा त्याच्या वरचा चालतो, खालचा नाही.

बाकी रिंग पाने, फिल्टर काढायचा पट्टा-पाना, आठ-दहा लिटरची पसरट घमेली (हायड्रोलिकसाठी आणखी मोठं भांडं), गाळणी असलेलं नरसाळं, ड्रेन नटाचं (ऑइल खाली सोडायच्या नटाचं) नवं वायसर, ग्रीस गन आणि धागे न सुटणारी सुती फडकी. गॅरेजमध्ये मिळणारं सुताचं वेस्ट फिल्टरच्या आसपास वापरू नका, त्याचे तंतू आत जाऊन ऑइलच्या वाटेत अडकतात.

हात लावण्याआधी

ट्रॅक्टर सपाट जागेवर उभा करा. रोटाव्हेटर किंवा जे अवजार असेल ते जमिनीवर टेकवा, हँडब्रेक लावा, चाकांना दगड लावा, चावी काढून खिशात ठेवा. लिफ्टवर उचललेल्या अवजाराखाली कधीच जाऊ नका. इंजिन बंद असलं तरी कुणाचा हात लिव्हरला लागला की ते खाली येतं.

मग धुवा. ड्रेन नट, फिल्टरची डोकी, ऑइल भरायचं झाकण, डिझेल टाकीचं झाकण यांच्याभोवती माती असते. ती तशीच ठेवून झाकण उघडलं की फिल्टरने महिनोन् महिने अडवलेली धूळ एका मिनिटात आत पडते. पाणी मारताना जोराचा फवारा डायनमो, स्टार्टर, एअर क्लीनरचं तोंड आणि ॲक्सलच्या सीलवर थेट मारू नका.

इंजिन ऑइल आणि फिल्टर

१. इंजिन पाच-दहा मिनिटं चालवून कोमट करा. थंड ऑइलमधला गाळ चेंबरच्या तळाला बसून राहतो, कोमट ऑइलसोबत तो निघून येतो. कडक तापलेलं मात्र हात भाजतं.

२. ऑइल भरायचं झाकण सैल करा, म्हणजे हवा आत जाऊन ऑइल मोकळं वाहील. ड्रेन नट रिंग पान्यानेच खोला. घसरणाऱ्या पान्याने नटाचे कोपरे गोल होतात आणि पुढच्या वेळी तो निघत नाही. दहा-पंधरा मिनिटं निथळू द्या.

३. नटाला लोहचुंबक असेल तर ते पुसून बघा. राखाडी मऊ लेप नेहमीचा आहे. टोचणारे चकचकीत तुकडे दिसले तर ते जपून ठेवा आणि मेकॅनिकला दाखवा.

४. नवं वायसर घालून नट आधी हाताने आट्यात बसवा, मग पान्याने आवळा. पान्याला पाइप लावून जोर करू नका. चेंबर ॲल्युमिनियमचा असेल तर आटे जातात, आणि पुढचा खर्च फिल्टरच्या कितीतरी पट होतो.

५. जुना फिल्टर काढल्यावर त्याचं रबरी गॅस्केट त्याच्यासोबत निघालं की नाही हे बघा. ते वरच्या बाजूला चिकटून राहतं आणि त्यावर नवा फिल्टर बसला तर इंजिन चालू करताच ऑइल बाहेर पडतं.

६. नव्या फिल्टरच्या गॅस्केटला बोटाने स्वच्छ ऑइल लावा. गॅस्केट टेकेपर्यंत फिरवा, नंतर हातानेच आणखी पाऊण फेरा. पट्टा-पाना फक्त काढण्यासाठी.

७. मॅन्युअलमधल्या मापापेक्षा पाव-अर्धा लिटर कमी भरा, थांबा, गेज पट्टी पुसून बघा, मग हळूहळू दोन खुणांच्या मध्ये वरच्या खुणेजवळ आणा.

८. चालू करा आणि मंद ठेवा. ऑइलचा दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. नाही विझला तर लगेच बंद करा, रेस करू नका. विझला तर दोन-तीन मिनिटं चालवून नट आणि फिल्टरजवळ गळती बघा. बंद करून पाच मिनिटांनी पट्टी पुन्हा पाहा. नव्या फिल्टरने ऑइल शोषल्यामुळे पातळी थोडी उतरलेली असेल, तेवढी भरून घ्या.

वरच्या खुणेच्या वर भरणं हे “थोडं जास्त बरं” म्हणून केलं जातं, ते बरं नाही. क्रँक ऑइलवर आपटतो, फेस होतो, आणि फेस झालेलं ऑइल बेअरिंगला वाचवत नाही. न भरताच पातळी वाढलेली दिसली तर गंभीर समजा. पट्टीला डिझेलचा वास आला तर फीड पंपाचा (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपाचा) पडदा किंवा पंपाचं सील गेलेलं असू शकतं. ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी उतरलंय. दोन्ही वेळा इंजिन चालवू नका. काळं ऑइल मात्र घाबरण्यासारखं नाही. डिझेलच्या इंजिनात नवं ऑइलही दोन-चार दिवसांत काळं होतं, म्हणजेच ते काजळी पकडण्याचं काम करतंय.

डिझेल फिल्टर आणि “एअर धरली” (डिझेलच्या वाटेत हवा अडकली) तर

डिझेल पंपाच्या आतले भाग इतके घट्ट बसलेले असतात की डोळ्याला न दिसणारा कणही त्यांना ओरखडा पाडतो. पाणी गेलं तर गंज. म्हणून या फिल्टरची कंजुषी करू नये. बहुतेक ट्रॅक्टरवर पाणी वेगळं करणारी पारदर्शक वाटी असते. पावसाळ्यात ती रोज सकाळी चालू करण्याआधी बघा. डिझेलपेक्षा पाणी जड, त्यामुळे ते तळाला वेगळ्या थरात दिसतं. खालचा स्क्रू सैल करून निव्वळ डिझेल येईपर्यंत सोडा.

हे पाणी येतं कुठून? रात्री अर्धी रिकामी टाकी गार होते, आतल्या हवेतली वाफ पत्र्यावर थेंब होऊन डिझेलमध्ये उतरते. संध्याकाळी काम संपल्यावर टाकी भरून ठेवली की हे बरंच थांबतं. कॅनमधलं डिझेल ओतण्याआधी निवळू द्या आणि तळाचं शेवटचं डिझेल टाकीत घालू नका.

फिल्टर बदलताना टाकीचा कॉक बंद करा, फिल्टर काढा, गॅस्केटला डिझेल लावून नवा बसवा. नव्या फिल्टरमध्ये कॅनमधून डिझेल ओतून भरू नका, ते न गाळलेलं डिझेल थेट पंपाकडे जातं. कॉक उघडा आणि फिल्टरच्या डोक्यावरचा एअर स्क्रू एक-दीड फेरा सैल करून हँड प्रायमर (हाताने डिझेल पुढे ढकलायचा छोटा पंप) दाबत राहा. आधी फेस, मग बुडबुडे, मग अखंड धार येते. धार आली की दाबता दाबताच स्क्रू आवळा. दोन फिल्टर असतील तर टाकीजवळच्यापासून सुरुवात करा आणि पंपाकडे जा. शेवटी पंपावरच्या एअर स्क्रूलाही तसंच करा. काही मॉडेलमध्ये इलेक्ट्रिक फीड पंप असतो. तिथे चावी ऑन करून अर्धा-एक मिनिट थांबलं की एअर बहुधा आपोआप निघते.

सेल्फ मारताना दहा सेकंदांच्या वर एका दमात मारू नका, मध्ये अर्धा मिनिट थांबा, नाहीतर स्टार्टर तापून जळतो. इंजिन चालू होऊन दोन-तीन मिनिटांत बंद पडत असेल तर कुठेतरी अजून हवा ओढली जातेय. फिल्टरच्या आधीच्या पाइपचे क्लिप, तडकलेली रबरी नळी आणि वाटीचं गॅस्केट पाहा. तिथे डिझेल गळत नाही म्हणून जोड चांगला असं समजू नका. त्या बाजूला पंप ओढत असतो, म्हणून डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. इंजिन फिरत असताना इंजेक्टरच्या नळीची गळती हाताने कधीही तपासू नका. तो दाब डिझेल कातडीतून आत घुसवतो. पुठ्ठ्याचा तुकडा धरून पाहा.

एअर क्लीनर: इथे सगळ्यात जास्त लक्ष

एप्रिल-मेमध्ये कोरड्या रानात रोटाव्हेटर मारताना ट्रॅक्टर स्वतःच्याच धुळीच्या ढगात चालतो, आणि छोट्या ट्रॅक्टरचं हवेचं तोंड जमिनीपासून फार उंच नसतं. रिंगा आणि लायनर वेळेआधी संपतात त्यामागे बहुतेक वेळा हीच धूळ असते. मॅन्युअलमधले तास साध्या कामासाठी असतात. अशा दिवसांत रोज संध्याकाळी बघावंच लागतं.

कोरडा फिल्टर असेल तर खालच्या रबरी चोचीला दाबून रोज धूळ सोडा. बाहेरचा कागदी फिल्टर साफ करताना हवा आतून बाहेर मारा आणि दाब कमी ठेवा, साधारण २ बारपर्यंत. पंक्चरवाल्याकडच्या कॉम्प्रेसरचा दाब त्याच्या तिप्पट-चौपट असतो, त्याने कागदाला बारीक भोकं पडतात. टायरवर आपटणं ही सगळ्यात वाईट सवय. घडी वाकते, कडेचं रबर चेपतं आणि मग धूळ फिल्टरच्या बाजूने जाते. साफ केल्यावर अंधारात आत बॅटरी धरा. कुठे प्रकाशाचा ठिपका दिसला तर तो फिल्टर टाकून द्या. चार-पाच वेळा साफ केल्यावर तसाही नवाच घ्या. आतला छोटा सुरक्षा फिल्टर साफ करायचा नसतो, फक्त बदलायचा.

ऑइल बाथ क्लीनर असेल तर खालची वाटी काढा. ऑइल दाट झालं असेल किंवा तळाला सेंटिमीटरभर चिखल साचला असेल तर ते ओता, वाटी आणि जाळी डिझेलने धुऊन निथळू द्या आणि खुणेपर्यंतच इंजिन ऑइल भरा. खुणेच्या वर भरलं तर ऑइल ओढलं जाऊन इंजिनात जळतं, निळा धूर येतो, आणि जास्तच गेलं तर इंजिन आवरेनासं होतं.

आता एक तपासणी जी फारसं कुणी करत नाही. एअर क्लीनरपासून इंजिनाकडे जाणारा रबरी पाइप काढा आणि स्वच्छ पांढरं फडकं बोटावर गुंडाळून आतून फिरवा. फडकं पांढरं राहिलं तर सगळं ठीक. त्यावर तांबूस किंवा करडी माती आली, तर फिल्टर नवा असो वा जुना, इंजिन धूळ पीतंय. क्लिप सैल आहे, पाइप तडकलाय किंवा फिल्टर नीट बसलेला नाही. कारण सापडेपर्यंत रोटाव्हेटर लावू नका.

गिअर-हायड्रोलिक ऑइल

बऱ्याच छोट्या ट्रॅक्टरमध्ये गिअर, लिफ्ट आणि ऑइलमध्ये बुडालेले ब्रेक या तिघांना एकच ऑइल असतं, साधारण १२ ते २० लिटर. इथे साधं ९० नंबरचं गिअर ऑइल घालणं ही नेहमीची चूक आहे. ते दाट असतं, त्यात अशा बुडालेल्या, म्हणजे वेट ब्रेकला लागणारे घटक नसतात. ब्रेक करकरतात, सकाळी लिफ्ट हळू उचलते आणि पंपाला ओढायला जड जातं. मॅन्युअलमध्ये वेट ब्रेकसाठीचं ट्रॅक्टर ट्रान्समिशन ऑइल सांगितलेलं असतं, तेच घ्या, आणि दोन वेगळ्या जातीचं ऑइल एकत्र करू नका.

पातळी बघताना लिफ्ट खाली पाहिजे. वर असेल तर काही ऑइल सिलिंडरमध्ये अडकतं आणि पातळी कमी दिसते. बदलताना सगळे ड्रेन नट खोला, एकच खोलून भागत नाही. फिल्टर नवा लावा, ओढणीची जाळी (पंप जिच्यातून ऑइल ओढतो ती) डिझेलने धुवा, नवी ओ-रिंग घाला. भरल्यावर इंजिन मंद ठेवून लिफ्ट सात-आठ वेळा वर-खाली करा आणि पातळी पुन्हा पाहा. पंप किंचाळल्यासारखा वाजला तर जाळी तुंबली आहे, पातळी कमी आहे किंवा हवा ओढतोय.

मावळ, मुळशी, भोरकडच्या लोकांनी चिखलणी संपली की हे ऑइल पाहावंच, तास भरलेले नसले तरी. चहात दूध पडल्यासारखा रंग दिसला तर पाणी शिरलंय. ऑइल नुसतं बदलून उपयोग नाही. सील, लिव्हरचं रबर किंवा ब्रीदर (हवा ये-जा करायचं तोंड) यातून पाणी कुठून आलं ते आधी शोधा.

उरलेली, पण विसरू नयेत अशी कामं

फोर व्हील ड्राइव्ह असेल तर पुढच्या ॲक्सलचं ऑइल वेगळं असतं आणि तेच सगळ्यात जास्त विसरलं जातं. मधल्या भागाची आणि दोन्ही चाकांकडची पातळी वेगवेगळी तपासा. द्राक्षबागेत तार आणि उसात पाचट ॲक्सलला गुंडाळून सील कापतं, ते काढत राहा. ब्रीदर मातीने बुजला की आत दाब वाढून चांगलं सीलही गळू लागतं.

रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड पाणी, किंवा तयार मिश्रण. बोअरचं पाणी नको. नीरा डाव्या कालव्याखालच्या क्षारपड पट्ट्यात तर नकोच, त्यातले क्षार जाळीत आणि हेडच्या वाटांत बसतात आणि मग नवं कूलंट घालूनही इंजिन तापतं. रेडिएटरच्या पुढच्या जाळीवरचं पाचट, गवत रोज काढा. पाणी मारायचं तर इंजिनाच्या बाजूने पुढे, कमी दाबाने.

ग्रीस चिखलाच्या कामात रोज, एरवी ५० तासांनी. आधी निपल पुसा, मग जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत दाबा. पीटीओ शाफ्टचे (ट्रॅक्टरची ताकद अवजाराला देणाऱ्या दांड्याचे) क्रॉस आणि पुढच्या ॲक्सलचा मधला पिन चुकवू नका. रोटाव्हेटरच्या गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं असतं, तेही त्याच दिवशी पाहा.

सगळं झालं की बोनेटच्या आतल्या बाजूला मार्करने तारीख, मीटरचे तास आणि काय बदललं ते लिहा. दहा तास चालल्यावर ड्रेन नट, फिल्टर आणि पाइपचे क्लिप पुन्हा एकदा पाहा. गॅस्केट बसल्यावर काही जोड सैल होतात.

जळकं ऑइल ओढ्यात, विहिरीजवळ किंवा बांधावर ओतू नका. ते जनावरांच्या अंगाला गोचिडासाठी लावू नका, त्यात धातूचा चुरा आणि विषारी घटक असतात. कायद्यानेही ते घातक कचऱ्यात मोडतं. कॅनमध्ये भरून झाकण लावा आणि सर्व्हिस सेंटरला किंवा अधिकृत ऑइल गोळा करणाऱ्याला द्या. जुने फिल्टर उलटे करून रात्रभर निथळू द्या, म्हणजे त्यातलं ऑइलही त्याच कॅनमध्ये जाईल. डिझेल किंवा कूलंट त्यात मिसळू नका, मिसळलेलं ऑइल पुढे शुद्ध करायला घेत नाहीत.